माल ‘चालू आहे’ म्हणजे नेमका कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला मोठे वाहन कारखाने येणार म्हटल्यापासून वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या छोट्या कारखानदारांच्या गप्पा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: आपल्याला काम मिळेल का? टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही ऑरिक या तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची घोषणा केली. १९८५ साली बजाज ऑटो वाळूजला सुरू झाली आणि तिच्या अवतीभोवती सुटे भाग करणाऱ्यांची अख्खी वसाहत उभी राहिली, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे.

पण मोठी कंपनी पुरवठादार निवडताना आधी माणूस पाठवते. तो मशिनं बघतो, मापं घेण्याची साधनं बघतो आणि मग विचारतो, “मागच्या आठवड्यात काय ठरलं होतं आणि त्यातलं झालं किती, ते दाखवा.” इथे भले भले मालक अडखळतात. काम तर ते वर्षानुवर्षं चोख करत आलेले असतात. फक्त ठरवलेलं सगळं त्यांच्या डोक्यात असतं, नाहीतर मोबाइलमधल्या व्हॉट्सअॅपच्या मेसेजांत. दाखवायचं काय?

त्या माणसाला जे हवं असतं त्याला उत्पादन नियोजन आणि नियंत्रण म्हणतात. कारखान्यात सगळे ‘पीपीसी’ म्हणतात. कोणता माल, किती, कधी, कोणत्या मशिनवर आणि कशापासून करायचा हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन. ठरलं तसं होतंय का हे रोज बघून, नसेल तर त्याच दिवशी काहीतरी करणं म्हणजे नियंत्रण. मी स्टोअरमध्ये नोकरीला लागलो, पुढे प्लॅनिंगला आलो आणि गेली काही वर्षं आठ-दहा मशिनांच्या कारखान्यांत जाऊन हीच घडी बसवून देतो. हा विषय उगाच अवघड करून सांगितला जातो, असं माझं ठाम मत आहे. मराठवाड्यातल्या माणसाला तर तो अर्धा आधीच येतो.

उसाची तोड आठवा

साखर कारखान्याची गाळप क्षमता रोज २५०० टन आहे असं धरू. म्हणजे गव्हाणीत दिवसाला तेवढाच ऊस पडणार. आता कारखान्याच्या शेतकी खात्याने सगळ्यांना खूश करायला एकाच दिवशी ४००० टनांच्या तोडी दिल्या, तर गाळप वाढेल का? ते २५०० टनच होणार. उरलेला १५०० टन ऊस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत आणि बैलगाड्यांत यार्डात उभा राहील. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. गाडीवान ताटकळतो, टोळीला दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी मिळत नाही आणि ज्याचा ऊस खरंच आधी यायला हवा होता त्याचा मागे अडकतो.

म्हणून शेतकी खातं लागवडीच्या नोंदी बघून तोडणी कार्यक्रम आखतं. आडसाली कधी, पूर्वहंगामी कधी, सुरू आणि खोडवा कधी, हे आधी ठरतं. हे झालं नियोजन. मध्यरात्री मिल बंद पडली की शिवारात निरोप जातो, आज तोड थांबवा. हे झालं नियंत्रण. नंबर मागेपुढे केले की शेतकरी किती चिडतात ते आपण बघतोच. चिडण्याचं कारणही तेच, ठरलेला क्रम मोडला.

आता आपल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, या. ऑर्डर आली, राउंड बार (पोलादाची गोल सळई) आला की आपण काय करतो? लगेच कापून लेथवर चढवतो. काम सुरू झालं म्हणजे ते लवकर संपेल, असं मनाला वाटतं. पुढच्या मशिनला ते झेपेल का, हे कुणी विचारत नाही. रोज ४००० टनांच्या तोडी द्याव्यात तसंच हे चालू असतं, फक्त आपला माल वाळत नाही म्हणून दिसत नाही. तो टेबलाखाली क्रेटमध्ये गंज धरत पडून राहतो.

एकवीस तासांचं काम, एकोणीस दिवस

एका कारखान्यात मालकांचा हट्ट होता की मशिनं कमी पडतात, नवं घ्यायचं, कर्जाचे कागदही तयार होते. मी म्हटलं आठ-पंधरा दिवस थांबा, आणि २०० पिनांच्या एका लॉटमागे, म्हणजे खेपेमागे, वही घेऊन फिरलो. टर्निंगला (लेथवर कातायला) नगामागे ३ मिनिटं, म्हणजे १० तास. ड्रिलिंगला मिनिटभर, म्हणजे ३ तास २० मिनिटं. ग्राइंडिंगला (घासून अचूक मापात आणायला) दीड मिनिट, म्हणजे ५ तास. तिन्ही मशिनांची सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी मशिन जुळवणं, मिळून ३ तास. एकूण २१ तास २० मिनिटं. दोन पाळ्या चालतात, म्हणजे दीड दिवसाचंही काम नाही. मध्ये हार्डनिंगला (भट्टीत तापवून कठीण करायला) बाहेर पाठवायचं, त्याचे २ दिवस. साडेतीन दिवसांत माल गाडीत बसायला हवा होता.

बसला १९ व्या दिवशी.

वहीतली मधली पानं अशी होती. कापलेले बार लेथसमोर ४ दिवस पडून, कारण मशिनवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा मोठा लॉट चढलेला. टर्निंग झाल्यावर ड्रिलिंगवाला गावी लग्नाला गेलेला, २ दिवस. हार्डनिंग झालेला माल भट्टीवाल्याच्या रॅकवर ५ दिवस. तिथला माणूस मला म्हणाला, “माल कवाचाच तयार हाय की, तुमचं कुणी आलंच नाही.” चलन (मालासोबतचा कागद) कुणी नेऊन द्यायचं यावरून स्टोअर आणि सुपरवायझर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते. ग्राइंडरसमोर ४ दिवस. तपासणीच्या टेबलावर अर्धा दिवस. या सगळ्या काळात गिऱ्हाइकाचा फोन आला की मालक मनापासून सांगायचे, “चालू आहे, सर.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच चालू आहे असंच वाटत होतं.

नवं लेथ आलं असतं तर त्या १९ दिवसांतला वेळ किती वाचला असता याचा हिशोब आम्ही समोरासमोर बसून केला. फार फार तर पहिले ४ दिवस, आणि तेही पुढे ग्राइंडरसमोरच जाऊन वाढले असते. कर्जाचे कागद परत कपाटात गेले.

छोट्या कारखान्यात जॉबचा बहुतेक वेळ कापण्यात किंवा घासण्यात जात नाही, तो रांगेत उभा राहण्यात जातो. आणि रांगेचा हिशोब आपल्याला लहानपणापासून येतो. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत ३००० माणसं आहेत आणि तासाला ६०० जणांचं दर्शन होतंय, तर आता शेवटी उभ्या राहिलेल्याला ५ तास लागणार. भागाकार केला की झालं. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. त्याला ‘लिटलचा नियम’ म्हणतात.

तुमच्या शॉपमध्ये अर्धवट झालेले ६० लॉट आहेत आणि दिवसाला सरासरी ५ लॉट पूर्ण होऊन बाहेर पडतात. मग आज आत शिरलेला लॉट साधारण १२ दिवसांनी बाहेर येणार. गिऱ्हाइकाला ६ दिवसांची तारीख द्यायची असेल तर ओरडून उपयोग नाही. आतले लॉट ३० वर आणावे लागतील. तेवढ्यानेच वेळ निम्मा होतो, एकही मशिन न घेता. मात्र दिवसाला ५ बाहेर पडणं टिकलं पाहिजे.

माल अडतो कुठे, हे शोधा

प्रत्येक शॉपमध्ये एक मशिन असं असतं जिथे सगळ्यात जास्त क्रेट साचतात. बाटलीच्या मानेतून पाणी जेवढं पडेल तेवढंच पडतं; त्यावरूनच त्याला ‘बॉटलनेक’ म्हणतात. आपण ‘अडती जागा’ म्हणू. वरच्या कारखान्यात ती ग्राइंडर होती. अख्ख्या कारखान्यातून किती माल बाहेर पडणार हे तेच एक मशिन ठरवतं. ते तासभर बंद राहिलं तर अख्ख्या कारखान्याचा तास गेला. दुसरं एखादं मशिन तासभर रिकामं राहिलं तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला या एका मशिनचा हिशोब कागदावर मांडा. दोन पाळ्या, रोज १६ तास, महिन्याचे २६ दिवस: ४१६ तास. पण तेवढे कधीच मिळत नाहीत. सेटिंग, व्हील बदलणं, जेवण-चहा, वीज जाणं, ऑपरेटरची सुट्टी, रिवर्क. आपल्या मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी बघा. समजा त्यातून ७० टक्के निघाले, तर हातात २९१ तास आले. आता या महिन्याच्या सगळ्या ऑर्डरींना ग्राइंडिंगचे किती तास लागतात याची बेरीज करा. समजा ३४० आली. म्हणजे ४९ तास कमी पडणार, हे पहिल्या तारखेलाच कळलं.

पहिल्या तारखेला कळलं तर चार वाटा मोकळ्या असतात. थोडं ग्राइंडिंग बाहेर द्यायचं, दोन रविवार जास्तीची पाळी लावायची, एखादा भाग दुसऱ्या पद्धतीने होतो का ते बघायचं, नाहीतर गिऱ्हाइकाला आत्ताच सांगायचं की यातला एवढा माल पुढच्या आठवड्यात देतो. हेच २७ तारखेला कळलं तर एकच वाट उरते: रात्रभर जागायचं आणि तरीही गिऱ्हाइकाची लाइन थांबल्याची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) घ्यायची.

मग नवा माल आत सोडायचा तो ग्राइंडरकडे बघून. त्याच्यासमोर तीन दिवसांचं काम असेल तर नवा लॉट बाहेरच थांबेल, राउंड बार रॅकवर राहील. दोन दिवसांवर आलं की पुढचा सोडायचा. साखर कारखान्याच्या चिटबॉयने तोडीची चिठ्ठी द्यावी तसं.

सेटिंगबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो. तवा एकदा तापला की घरातल्या सगळ्यांच्या भाकरी करूनच उतरवतात, हे बरोबरच आहे. त्याच न्यायाने आपण सेटिंग केली की २०० ऐवजी ६०० नग काढतो. पण त्या जादा ४०० नगांसाठी मशिन अडकून राहतं आणि ज्याला आजच हवं आहे तो रांगेत मागे जातो. अडत्या जागेवर सेटिंग वाचवणं शहाणपणाचं, पण आज विकलं जाणारं काम अडवून नाही; बाकीच्या मशिनांवर तर छोटे लॉट बिनधास्त घ्या. आणि सेटिंगचाच वेळ कमी करायचा असेल तर पहिली युक्ती फुकट आहे: आधीचा लॉट चालू असतानाच पुढच्या लॉटचं फिक्श्चर (नग पकडायचा साचा), टूल, ड्रॉइंग मशिनजवळ आणून ठेवा.

मृगाच्या आधी चाळीस पेरणी यंत्रं

दुसरा भाग सामानाचा. लातूरकडच्या एखाद्या अवजारांच्या कारखान्याला २५ मेपर्यंत ४० पेरणी यंत्रं द्यायची आहेत असं समजा. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं; सोयाबीनवाला शेतकरी त्याच्या आधी यंत्र घेतो, नंतर नाही. तारीख चुकली तर गिऱ्हाईक थेट पुढच्या हंगामात.

एका यंत्राला ९ फण, म्हणजे ३६० फण लागणार. स्टोअरमध्ये ११० आहेत, ५० आधीच मागवलेत. राहिले २००. आता तारखेकडून उलटं यायचं. जुळणीला ४ दिवस, म्हणजे २१ मेला रंगवलेले फण हातात हवेत. रंगाला २ दिवस, १९ मे. फण करून देणारा ८ दिवस घेतो, ११ मे. मध्ये एखादी सुट्टी, एखादा ट्रक उशिरा. म्हणून ८ मेला ऑर्डर गेलीच पाहिजे. बोल्ट, क्लॅम्प, पत्रा, चाकं, प्रत्येक वस्तूचं असंच. लग्नाला ५०० पानं असतील तर आचारी आधी यादी काढतो, घरातलं वजा करतो, दही आदल्या रात्री विरजायचं आणि भाजी पहाटे आणायची हे ठरवतो. तो हेच करत असतो.

याला ‘एमआरपी’ म्हणतात, सामानाच्या गरजेचं नियोजन. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी हे संगणकावर बसवलं, कारण हजारो भागांची वजाबाकी हाताने होत नाही. तुमचे भाग शंभर-दीडशे असतील तर एक्सेलची एक शीट पुरते.

पण या सगळ्या गणिताचा पाया आहे ते ११०. रजिस्टरमध्ये ११० आणि रॅकवर प्रत्यक्षात ६४ निघाले तर? ४६ फण कमी पडले, सहा यंत्रं अडकली, आणि हे कळणार जुळणीच्या दिवशी. मी स्टोअरमधला माणूस, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो: नियोजन फसतं त्यातलं बरंचसं स्टोअरच्या खोट्या आकड्यांमुळे फसतं. वर्षाअखेरीस दोन दिवस कारखाना बंद ठेवून मोजदाद करण्यापेक्षा रोज दहा वस्तू मोजा, महागड्या आणि नेहमी लागणाऱ्या वस्तू वारंवार, वॉशरसारख्या किरकोळ वस्तू कधीतरी. आणि रात्रपाळीला “सकाळी लिहू” म्हणून उचललेला नग सकाळी कुणीच लिहीत नाही. कुलूप लावून हे सुटत नाही. रॅकला दोरीने बांधलेलं कार्ड आणि पेन ठेवलं तर बऱ्यापैकी सुटतं.

प्रत्येक वस्तूला गणित नको: दोन सिलिंडर

घरात गॅसचे दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा लावतो आणि त्याच दिवशी नंबर लावतो. किती गॅस उरला याचा हिशोब कुणी ठेवत नाही, तरी चूल बंद पडत नाही. रिकामा सिलिंडर हीच आठवण.

इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं पातं), बोल्ट, कटिंग ऑइल, हातमोजे अशा रोजच्या वस्तूंना हीच पद्धत लावा. दोन डबे. पहिला संपला की त्यातलं कार्ड खरेदीवाल्याच्या खिळ्यावर जाऊन अडकतं. दुसऱ्या डब्यात किती असावं? रोज ४ इन्सर्ट लागतात, दुकानदाराकडून यायला ६ दिवस, वर २ दिवस हाताशी: ४ गुणिले ८, म्हणजे ३२. बस.

टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी याच कल्पनेवर सगळा कारखाना चालवून दाखवला. पुढच्या टप्प्याने माल उचलला की मागच्याला कार्ड जातं, तेव्हाच तो नवा करतो. त्या कार्डाला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ पाटी. ओनोंना ही कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून: फळीवरून गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच परत भरायचं. बिडकीनच्या निमित्ताने ही पाटी उद्या आपल्याकडेही येईल, म्हणून तिची ओळख असू द्या.

रोजची पंधरा मिनिटं

नियोजन महिन्यातून एकदा आणि आठवड्यातून एकदा. नियंत्रण मात्र रोज, आणि तेच कंटाळवाणं असतं म्हणून सुटतं. त्यासाठी एक पांढरा फळा लागतो, अडत्या मशिनजवळ, ऑफिसात नाही. सकाळी पाळी सुरू होताना मालक किंवा सुपरवायझर, स्टोअरवाला, तपासणीवाला आणि ऑपरेटर फळ्यासमोर उभे राहतात. उभेच, खुर्च्या आणल्या की तासभर जातो. फळ्यावर चार रकाने: कोणता जॉब, ठरले किती, झाले किती, कमी का.

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. एका ठिकाणी ग्राइंडरवर वयाने मोठे ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. दोन आठवड्यांत त्यांच्या ओळीत सहा वेळा एकच शब्द लिहिलेला: ‘माप’. विचारलं तर आधी बोलेनात. मग म्हणाले, “पहिला नग दाखवल्याबिगर पुढं चालवायचं नाही म्हणलेत. मायक्रोमीटर कपाटात, चावी साहेबांच्या खिशात. साहेब येईस्तोवर बसून राहायलोत.” दर वेळी साधारण ४० मिनिटं. सहा वेळा म्हणजे ४ तास, आणि तेही ज्या मशिनवर अख्खा कारखाना थांबतो त्या मशिनचे. मायक्रोमीटर एकदा हरवला होता म्हणून तो कुलपात गेला होता. दुसऱ्या दिवशी मामांच्या मशिनजवळच्या पेटीत त्यांच्या नावावर एक मायक्रोमीटर आला. आजही तो तिथेच आहे, हरवलेला नाही.

या रकान्यावरून एकदा जरी कुणाला झापलं तर तो रकाना मेला असं समजा. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक ओळीत ‘लाईट गेली’ एवढंच दिसेल.

फळ्यासोबत प्रत्येक लॉटला एक जॉब कार्ड लावा, प्लास्टिकच्या पाकिटात, क्रेटला बांधलेलं. कोणतं काम झालं, किती नग चांगले, किती रिजेक्ट, पुढे कुठे जायचंय. माल बाहेर जॉबवर्कला गेला तर कार्डाचा अर्धा तुकडा फळ्यावर ‘बाहेर’ या चौकटीत, परत यायच्या तारखेसकट. ते ५ दिवस भट्टीवाल्याच्या रॅकवर पडलेले क्रेट या एका चौकटीने वाचले असते.

“आमचं गिऱ्हाईकच रोज शेड्यूल बदलतं, प्लॅन करून काय उपयोग?”

हा आक्षेप प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो खरा आहे. मोठ्या कंपनीचं महिन्याचं शेड्यूल येतं एक आणि रोज उचल होते वेगळीच. छोट्या माणसाच्या हातात ते नाही. पण बदल सोसायचा कसा हे प्लॅन असेल तरच कळतं. अचानक ३०० नग मागितले तर फळा बघून सांगता येतं, देतो, पण हा दुसरा लॉट दोन दिवस मागे जाईल, चालेल का? फळा नसेल तर आपण दोघांनाही ‘हो’ म्हणतो. शिवाय आत ६० ऐवजी ३० लॉट असतील तर नव्या कामाला वाट मोकळी असते. यात एक शिस्त मात्र पाळा: अडत्या मशिनचे पुढचे दोन दिवस गोठवलेले. त्यात हात घालायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो बदल फळ्यावर लाल मार्करने.

“मशिन रिकामं ठेवायचं? हप्ता कोण भरणार?”

हे ऐकताना मालकाच्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. लाखोंचं लेथ उभं आणि ऑपरेटर हात पुसत बसलाय. पण आज गरज नसलेला माल कापून हप्ता भरला जात नाही. हप्ता भरला जातो तो गाडीत चढलेल्या मालातून, आणि तो किती चढणार हे ग्राइंडर ठरवतो. रिकाम्या वेळात लेथवाल्याला पुढची सेटिंग तयार करू द्या, मशिन साफ करू द्या, ग्राइंडर शिकू द्या. मामा सुट्टीवर गेले की त्याचीच गरज पडते.

“मग सरळ सॉफ्टवेअरच घेऊ या”

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशोब एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर. ते वाईट नाही. भाग पाच-सातशे झाले, गिऱ्हाइकं वाढली, दुसरं युनिट काढलं की ते लागतंच. पण रजिस्टरातले ११० आणि रॅकवरचे ६४ सॉफ्टवेअरला कळत नाहीत. ते चुकीच्या आकड्यावर रंगीत रिपोर्ट काढून देतं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर फक्त बिलं छापायला वापरणारे कारखाने मी बरेच पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तो पैसा घाम गाळून आलेला असतो. आधी सहा महिने फळा, जॉब कार्ड आणि खरी मोजणी. त्यातून तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळेल आणि विकणाऱ्यालाही धड प्रश्न विचारता येतील.

यातून हाती काय लागतं

पैसा. अर्धवट माल म्हणजे पोलाद, मजुरी आणि वीज यांच्या रूपाने क्रेटमध्ये अडकलेला रोकडा, बहुतेक वेळा बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याजाने आणलेला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते माल समोरच्याने स्वीकारल्यावर. १९ दिवस आपल्याच शॉपमध्ये पडलेल्या मालाला कोणताच कायदा संरक्षण देत नाही.

कामगारांनाही यातून मिळतं, आणि ते मला पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. महिन्याचे पहिले दहा दिवस ढिले आणि शेवटचे पाच दिवस सलग बारा-बारा तास, हे चक्र माणसाला थकवतं. शेवटच्या रात्री हात चुकतो, रिजेक्शन वाढतं, बोटं जातात. काम महिनाभर सारखं वाटलं गेलं तर घरी लेकराच्या वाढदिवसाला वेळेवर जाता येतं.

सुरुवात करायची असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशी, मशिनं बंद असताना, खडू घेऊन शॉपमध्ये एक चक्कर मारा. प्रत्येक अर्धवट लॉटच्या क्रेटवर तो तिथे कधीपासून आहे ती तारीख लिहा. टेबलाखालचे, जिन्याखालचे, संडासामागच्या शेडमधलेही. ज्याची तारीख कुणालाच आठवत नाही त्यावर प्रश्नचिन्ह काढा. मग सगळे लॉट मोजा आणि मागच्या महिन्यात दिवसाला किती लॉट बाहेर गेले त्याने भागा. जो आकडा येईल ते तुमचे आजचे खरे दिवस. गिऱ्हाइकाला तुम्ही किती सांगत आलात ते शेजारी लिहा.

त्या पिनांच्या कारखान्यात हा पहिला आकडा १७ आला होता आणि सांगत होते ७. चार महिन्यांनी मी गेलो तेव्हा फळ्यावर ८ होता. मी बसलेलो असतानाच गिऱ्हाइकाचा फोन आला. मालक उठले, फळ्यापर्यंत चालत गेले आणि तिथूनच बोलले, “हार्डनिंगला गेलाय सर, गुरुवारी परत येतो, शनिवारी दुपारच्या गाडीत टाकतो.”